न पाहिलेल्या नटीचा खटला

आमच्या चित्रपट मंडळात गेल्या महिन्यात भांडण झालं. मंडळ म्हणजे फार काही नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये जमणारी बारा-पंधरा माणसं, उसना प्रोजेक्टर, आणि सिनेमा संपल्यावर चहा. चहाच्या वेळी एकाने व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर वाचून दाखवला. मुंबईत जन्मलेली एक मुलगी १९३६ साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करच्या शर्यतीत होती, नाव मर्ल ओबेरॉन, आणि आपल्याला तिचा पत्ताच नाही! दोन मिनिटं सगळ्यांची छाती फुगली. मग एक मैत्रीण म्हणाली, "अहो, पण ती आयुष्यभर सांगत राहिली की मी मुंबईची नाहीच. सख्ख्या आईला मोलकरीण म्हणून दाखवलं तिने. कसला अभिमान घेऊन बसलात?" तिथून जे सुरू झालं ते तासभर चाललं. एक गट म्हणे ती आपली, दुसरा म्हणे ती गद्दार, आणि नुकताच नोकरीला लागलेला एक मुलगा म्हणे ती वंशवादाची बळी, तिला दोष देणंच पाप. शेवटी मी विचारलं, "तिचा सिनेमा कुणी बघितलाय?" एकच हात वर आला, तोही खांद्यापर्यंतच. 'वुदरिंग हाइट्स', कॉलेजात असताना, कादंबरी अभ्यासाला होती म्हणून.

हे आमच्या मंडळापुरतं असतं तर लिहिलं नसतं. पण मर्ल ओबेरॉनविषयी गेल्या काही वर्षांत जे जे वाचते, त्यात हेच दिसतं. तिच्या कातडीवर पानंच्या पानं, तिच्या कामावर दोन ओळी. अभिमानवाले आणि निषेधवाले एकमेकांशी भांडतात खरे, पण दोघांची नजर एकाच ठिकाणी खिळलेली असते, आणि गंमत म्हणजे १९३० च्या दशकातल्या स्टुडिओवाल्यांची नजरही नेमकी तिथेच होती. माझं म्हणणं सरळ आहे. मर्ल ओबेरॉन थोर नटी नव्हती, पण चांगली नटी होती, आणि तिच्या तीन-चार भूमिका आजही बघाव्यात अशा आहेत. तिने जे लपवलं त्याचा जाब विचारायचा तर तिच्याआधी विचारायला हवेत असे बरेच लोक रांगेत उभे आहेत. आणि तिचं लपवणं व तिचा अभिनय या दोन वेगळ्या फायली नाहीत. एक उघडल्याशिवाय दुसरी वाचता येत नाही.

आधी हकिगत, थोडक्यात. १९ फेब्रुवारी १९११, मुंबई. एस्टेल मर्ल थॉम्पसन, घरातलं नाव क्वीनी. वडील आर्थर थॉम्पसन, इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनचे, इथे रेल्वेत इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात न्यूमोनियाने गेले. आई शार्लट सेल्बी, मूळची सिलोनची, मिश्र रक्ताची. निदान क्वीनी तिला आई म्हणत वाढली. मर्लच्या मृत्यूनंतर मुंबईतला जन्मदाखला समोर आला तेव्हा आईच्या रकान्यात शार्लटचं नाव नव्हतं; होतं तिच्या मुलीचं, कॉन्स्टन्सचं, जी तेव्हा स्वतःच अजाण पोर होती. म्हणजे शार्लट आजी, आणि जिला ताई समजून ही मुलगी वाढली ती तिची आई. या मुलीच्या आयुष्यातलं पहिलं खोटं तिने सांगितलेलं नाही, तिला सांगितलेलं आहे. अब्रू झाकण्यासाठी मोठ्या माणसांनी केलेली सोय. आपल्याकडेही अशा सोयी घराघरांत होत आल्या आहेत. आपण त्यांना खोटेपणा म्हणत नाही, 'झाकली मूठ' म्हणतो.

१९१७ मध्ये बिऱ्हाड कलकत्त्याला हललं. शिष्यवृत्तीवर ला मार्टिनिअरसारख्या शाळेत प्रवेश मिळाला, आणि तिथे तिच्या रंगावरून, जन्मावरून टोमणेही मिळाले. शाळा सुटली. अँग्लो-इंडियन माणसाला गोरे 'चीची' म्हणून हिणवत, आणि काळ्यांच्या दृष्टीने तो साहेबाचा उष्टा. पुढे टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, संध्याकाळी हौशी नाटकं, फिर्पोसारख्या हॉटेलातले नाच. १९२० चं दशक संपता संपता युरोप गाठलं, लंडनच्या कॅफे द पारीमध्ये 'क्वीनी ओब्रायन' या नावाने पाहुण्यांची सरबराई केली. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. या मुलीने तेही आणून दाखवलं. सिनेमाचा निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा याच्या नजरेला ती पडली आणि १९३३ च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ'मध्ये अ‍ॅन बोलिन झाली.

आणि तिथे टास्मानिया आलं. कोर्डाच्या प्रसिद्धी खात्याने ठरवलं की ही मुलगी ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरच्या होबार्टची, चांगल्या घरातली, जन्माची कागदपत्रं मात्र आगीत जळाली. टास्मानिया का? कारण ते ब्रिटिश होतं, गोरं समजलं जात होतं आणि इतकं लांब होतं की तिथे जाऊन चौकशी कोण करणार! बनाव इतका पक्का बसला की टास्मानियातल्या लोकांनी नंतर स्वतःहून पुरावे शोधले. तिथल्या एका गावात अशी आख्यायिका रुजली की मर्ल म्हणजे हॉटेलात राबणाऱ्या चिनी वंशाच्या बाईची मुलगी. बनावाला लोकांनी आपल्या बाजूने शाखा फुटू दिल्या. माणसांना 'आपली' म्हणायला एक तारा लागतो. पुरावा नंतर बघू. व्हॉट्सॲपवरच्या त्या मजकुराचं याहून वेगळं काय चाललं होतं?

आता निषेधवाल्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. शार्लट. ती मर्लबरोबर लंडनला राहिली, आणि घरी येणाऱ्यांना ती सावळी बाई मोलकरीण वाटावी अशी व्यवस्था होती असं सांगितलं जातं. या गोष्टी पहिल्यांदा ज्या चरित्रात विस्ताराने आल्या ते १९८३ चं. त्याचा एक लेखक चार्ल्स हिगम, ज्याची दुसऱ्या एका नटावरची सनसनाटी पुढे टिकली नाही. तेव्हा प्रत्येक तपशील गिळायचं कारण नाही. पण गाभा खरा धरून चालू. शार्लट १९३७ मध्ये वारली. त्यानंतर बारा वर्षांनी, १९४९ साली, मर्लने एका जुन्या फोटोवरून तिचं तैलचित्र करून घेतलं, आणि चित्रकाराला रंग उजळ ठेवायला सांगितला. ते चित्र ती जिथे राहायला गेली तिथे भिंतीवर लागत गेलं.

या चित्रापाशी मी अडते. पळवाट नाही. जिने हाताला धरून मुंबई-कलकत्ता-लंडन केलं तिला जिवंतपणी मागच्या खोलीत ठेवायचं, आणि मेल्यावर गोरी करून दिवाणखान्यात टांगायचं, याला क्रौर्य नाही तर काय म्हणायचं? मंडळातल्या त्या मुलाचं 'बळी' हे लेबल इथे चालत नाही; बळी माणसंही दुसऱ्याचा बळी देऊ शकतात. पण तेच चित्र उलट बाजूनेही बघावं लागतं. लाजच असती तर चित्र कशाला? १९४९ मध्ये तिला कुणी विचारत नव्हतं, आई कुठली म्हणून. शार्लट मेली होती, विषय संपला होता. तरी पैसे मोजून तिने तो चेहरा परत आणला. फक्त ज्या जगात तो टांगायचा होता त्या जगाला चालेल असा करून आणला. आणि आपण? लग्नाच्या जाहिरातीत मुलगी 'गव्हाळ'ची 'निमगोरी' आणि 'निमगोरी'ची 'गोरी' होते, फोटो स्टुडिओत हार घातलेल्या आजोबांचा चेहरा दोन छटा उजळ करून मिळतो. त्यासाठी तर आपल्यावर कुठल्या स्टुडिओचा करार नसतो.

करार हा शब्द महत्त्वाचा आहे. "ती खरं सांगू शकली असती" असं म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, कुणाला? अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा आखून तिथल्या माणसांना दार बंद केलं होतं, हिंदुस्थान त्यात होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या शीख माणसाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, तरीही. हे दार किलकिलं झालं १९४६ मध्ये, तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं. त्यात हॉलिवूडची स्वतःची आचारसंहिता, १९३० साली लिहिलेली आणि १९३४ पासून कडक राबवलेली. गोऱ्या आणि काळ्या वंशांतला शरीरसंबंध पडद्यावर चालणार नाही, असं तिच्यात लिहिलं होतं, आणि स्टुडिओंनी सावधगिरी म्हणून ते आशियाई माणसांपर्यंत ताणलं. मर्लचं पडद्यावरचं प्रेम कुणाकुणाशी? लेस्ली हॉवर्ड, फ्रेडरिक मार्च, जोएल मक्रे, गॅरी कूपर, लॉरेन्स ऑलिव्हिए. म्हणजे सेन्सॉरच्या खुर्चीतल्या माणसाने, त्याच्याच नियमाचा त्याने लावलेला अर्थ धरला तर, एकामागून एक नियमबाह्य चुंबनं मंजूर केली. याला मी बंड म्हणणार नाही, तिच्या मनात तसं काही नव्हतं. पण नियम किती पोकळ होता हे याहून स्वच्छ कुणी दाखवलं?

इथे अ‍ॅना मे वाँगचं नाव यायलाच हवं, आणि मंडळात ते आलंही. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी वंशाची नटी, मर्लहून जुनी, माझ्या मते मर्लहून सरस. पर्ल बकच्या कादंबरीवरच्या 'द गुड अर्थ'मध्ये चिनी शेतकरणीची प्रमुख भूमिका होती. ती तिला मिळाली नाही. नायक पॉल म्युनी, गोरा, मेकअप करून चिनी झालेला. मग नायिकाही गोरीच हवी. जर्मन लुइझ रायनरने ती भूमिका केली आणि ऑस्कर नेलं. आता प्रश्न टोकदार होतो. वाँगने चेहरा घेऊन दार ठोठावलं आणि ते उघडलं नाही. मर्लने चेहरा बदलला आणि आत गेली. मर्लचं आत जाणं वाँगच्या जखमेवर मीठ नव्हे का? असेल. पण नीट बघा, वाँगने 'लपवायचं नाही' असं ठरवलं होतं असं नाही, तिला लपवता येणारच नव्हतं. निवड फक्त एकीकडे होती. आणि मर्लने नाही म्हटलं असतं तर ती जागा वाँगला मिळाली असती का? ती आणखी एका गोऱ्या मुलीला मिळाली असती. दाराबाहेरच्या दोघींना एकमेकींशी तोलून दरवानाला मोकळं सोडायचं, ही वादाची जुनी खोड आहे.

मला या संदर्भात राहून राहून आठवते ती आपली सुलोचना. सुलोचनादीदी नव्हेत, मूकपटांची सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स. पुण्यात १९०७ साली जन्मलेली, बगदादी ज्यू घराण्यातली. योगायोग असा की तीही टेलिफोन ऑपरेटर होती, आणि तिथूनच कोहिनूर फिल्म कंपनीत आली. हिंदू नाव घेतलं आणि मूकपटांची सम्राज्ञी झाली. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये तिने आठ सोंगं घेतली. त्यात पोलीस होता, माळी होता, सोनेरी केसांची युरोपियन मडमही होती! बोलपट आल्यावर हिंदुस्थानी येईना, म्हणून काम थांबलं. भाषा शिकून ती परत आली. १९७३ चं दादासाहेब फाळके पारितोषिक तिला मिळालं. तिला कुणी गद्दार म्हटलं नाही. का? कारण तिने लपवलं नव्हतं, असं उत्तर मिळेल, आणि ते बरोबर आहे. पण पुढचा प्रश्न विचारायचा राहतो: तिला लपवायची गरज का पडली नाही? मुंबईतल्या प्रेक्षकाला नावाची आणि वेशाची अदलाबदल पटत होती. ज्याच्या घरच्या बायका बालगंधर्वांना पाहून साड्या नेसायला शिकल्या त्या प्रेक्षकाला सोंग म्हणजे फसवणूक नाही हे सांगावं लागत नव्हतं. शिवाय सुलोचना नक्की कोण हे कळलं म्हणून तिला बोटीत बसवून परत पाठवणारा कायदा इथे नव्हता. दोन टेलिफोन ऑपरेटर मुली, जवळजवळ एकाच वयाच्या. एकीचं सोंग उघड्यावर, दुसरीचं अंधारात. फरक त्यांच्या सचोटीत होता की त्यांच्या समोरच्या गर्दीत?

मग येतो 'पहिली कोण' हा वाद. २०२३ मध्ये मलेशियाची नटी मिशेल यो हिला ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा बातमीदारांची पंचाईत झाली. पहिली आशियाई म्हणावं तर मर्ल आडवी येते. शेवटी तोडगा निघाला: 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली'. योने ऑस्कर जिंकलं, आनंदच आहे. हिशेबही एका अर्थी रास्त आहे. ज्या प्रतिनिधीला आपण प्रतिनिधी आहोत हे कुणाला कळूच द्यायचं नाही, त्याने कुणाची उमेद वाढवली? १९३६ साली मुंबईच्या भायखळ्यात बसलेल्या एखाद्या अँग्लो-इंडियन मुलीला मर्लकडे बघून काहीही वाटलं नसणार, कारण तिच्या लेखी ती टास्मानियाची होती. हे मी मान्य करते. पण त्या तोडग्यात एक चलाखी आहे. 'म्हणवणारी' या एका शब्दाने सत्त्याऐंशी वर्षांच्या कोरडेपणाची जबाबदारी ऑस्कर देणाऱ्या अकादमीवरून उचलून मर्लच्या तोंडावर ठेवली जाते. जणू तिने म्हणवलं असतं तर तिला नामांकन दिलंच असतं!

असो. आता सिनेमे, ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

'हेन्री द एट्थ'मध्ये ती मोजकी मिनिटं आहे. अ‍ॅन बोलिनचा शिरच्छेद व्हायचाय, सकाळ स्वच्छ आहे, आणि ती आरशासमोर केसांवरची जाळी बसवतेय. डोकं पडेल तेव्हा केस विस्कटणार नाहीत ना, एवढीच तिची चौकशी. बाईसाहेब बाहेर निघताना जशा शेवटची टाचणी लावतात तशी. बावीस वर्षांच्या, जवळपास नवख्या मुलीने यात एकही हुंदका घातला नाही. पुढचा अख्खा सिनेमा चार्ल्स लॉटनच्या अजस्र हेन्रीचा आहे, कोंबडीची तंगडी तोडत तो सगळ्यांना खाऊन टाकतो. तरी तो आरसा लक्षात राहतो.

'द डार्क एंजल' (१९३५), ज्यासाठी नामांकन मिळालं, तो आज जरा अश्रूंनी जड वाटतो. ऑस्कर त्या वर्षी बेट्टी डेव्हिसला गेलं. पण त्याचा विषय बघा. युद्धात आंधळा झालेला प्रियकर आपलं आंधळेपण प्रेयसीपासून लपवतो. ती भेटायला येणार म्हणून खोलीतली प्रत्येक वस्तू कुठे आहे हे पाठ करून ठेवतो, डोळस असल्यासारखा वावरता यावं म्हणून. मर्लची भूमिका फसवल्या जाणारीची. जिला रोज आपली खोली पाठ करून वावरावं लागत होतं, तिने समोरच्याची पाठ केलेली खोली ओळखायची! तिच्या प्रसिद्धीसाठी तेव्हा छापत होते की गूढ पूर्वेकडचा मेकअप उतरवला आणि आतून शुद्ध इंग्रज गुलाब निघाला.

आणि 'दीज थ्री' (१९३६). विल्यम वायलरचा, लिलियन हेलमनच्या नाटकावरून. दोन तरुण बाया मुलींची शाळा काढतात, आणि एक दुष्ट पोरगी आजीला एक खोटी गोष्ट सांगते. मूळ नाटकात आळ होता दोघींच्या परस्पर प्रेमाचा. आचारसंहितेने ते चालू दिलं नाही, म्हणून सिनेमात आळ असा की एकीचं दुसरीच्या वाग्दत्त वराशी गुपचूप चाललंय. गंमत अशी की तरीही काही बिघडत नाही, कारण मुद्दा आळ कोणता हा नाहीच, कुजबुज कशी पसरते हा आहे. मिरियम हॉपकिन्स यात पेटून उठते, बॉनिटा ग्रॅनव्हिल ही पोरगी तर अंगावर काटा आणते आणि तिला नामांकनही मिळालं. मर्लची कॅरन गप्प. खटला हरतात, शाळा रिकामी होते, आणि मग तिच्या मनात शंका शिरते की हे सगळं खरं तर नसेल? जिच्या हातात आता काही उरलेलं नाही ती बाई ज्या माणसावर प्रेम करते त्याच्याकडे बघते, आणि तिचा चेहरा दगड होत जात नाही, उलट तो फार सभ्य, फार नीटनेटका होत जातो. टीकाकार तिला 'थंड', 'चिनी मातीची बाहुली' म्हणत. वायलरने त्या थंडपणाचं काय करायचं ते ओळखलं होतं. सतत उच्चार सांभाळणारी, चेहऱ्यावर काही फुटू न देणारी बाई कोसळते तेव्हा कशी दिसते? ती आणखी सांभाळून बोलायला लागते. हे तिला कुठल्या नाट्यशाळेने शिकवलं नसावं.

विनोदही जमायचा. लुबिचच्या १९४१ च्या 'दॅट अनसर्टन फीलिंग'मध्ये सुखवस्तू घरातल्या कंटाळलेल्या बायकोला उचक्या लागतात आणि ती मनोविश्लेषकाकडे जाते. सिनेमा लुबिचच्या चांगल्या सिनेमांपैकी नाही. पण ती उचकी मात्र अचूक! आपल्याकडे उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात. तिची कोण काढत असेल, हा विचार माझ्या मनात आला, जो सिनेमाच्या दृष्टीने अगदी गैरलागू होता.

'वुदरिंग हाइट्स' (१९३९) मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण ज्यावर तिची कीर्ती उभी आहे तिथेच ती कमी पडते. ऑलिव्हिएला त्या जागी व्हिव्हियन ली हवी होती, सेटवर दोघांचं पटत नव्हतं, आणि कॅथीचं रानवटपण मर्लच्या अंगात नव्हतंच. माळरानावर केस उडवत धावणारी कॅथी मला कधी पटली नाही. पुढे लिंटनच्या घरात रेशीम घालून बसलेली, गोऱ्या सभ्यतेत व्यवस्थित बसलेली आणि आतून कुजत चाललेली कॅथी पूर्ण पटते. आता कादंबरीकडे बघा. एमिली ब्राँटीने हीथक्लिफला काळसर, जिप्सीसारखा म्हटलंय. नेली त्याची समजूत घालताना म्हणते, कुणी सांगावं, तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानची राणी. त्या हिंदुस्थानच्या राणीचा मुलगा झाला इंग्रज ऑलिव्हिए, आणि यॉर्कशरची इंग्रज कॅथी झाली मुंबईची क्वीनी. दोघांनीही एकमेकांची कातडी घातलेली. २०२४ मध्ये याच कादंबरीवरच्या नव्या सिनेमासाठी जेकब एलॉर्डीचं नाव जाहीर झालं तेव्हा हीथक्लिफ पुन्हा गोरा का, यावर रण माजलं. योग्यच होतं. पण त्या गदारोळात किती जणांना आठवलं की त्या घरात एकदा उलटा प्रकारही घडून गेलाय? स्वयंपाकघरात वीज कडाडते आणि कॅथी म्हणते, मी म्हणजेच हीथक्लिफ आहे. पडद्यावरच्या सगळ्या कॅथींमध्ये ते वाक्य शब्दशः खरं असलेली पहिली मोठी नटी हीच.

तिच्या चेहऱ्याची किंमत तिने वेगळीच मोजली. १९३७ मध्ये 'आय, क्लॉडियस'चं काम चालू असताना लंडनमध्ये मोटारीचा अपघात झाला, चेहऱ्याला जखमा झाल्या, सिनेमा कायमचा बंद पडला. पुढे प्रसाधनं आणि औषधांच्या वाईट परिणामाने त्वचेवर खड्डे पडले. १९४४ च्या 'द लॉजर'च्या वेळी छायालेखक ल्युसियन बॅलर्डने एक छोटा दिवा बनवला, जो कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी खेटून बसतो आणि समोरून सरळ प्रकाश टाकून चेहऱ्यावरचे व्रण पुसून टाकतो. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं. त्या दिव्याला नाव पडलं 'ओबी', ओबेरॉनवरून. आजही छायालेखक कॅमेऱ्यावरच्या त्या दिव्याला ओबी म्हणतात. त्यातल्या कितीकांना हे नाव एका बाईचं आहे हे माहीत असेल, देव जाणे. त्या दिव्याचं तंत्र साधं आहे. व्रण दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. प्रकाश बाजूने आला की खड्ड्याच्या कडेला सावली पडते. प्रकाश नेमका बघणाऱ्याच्या नजरेच्या रेषेतून टाकला की सावलीला पडायला जागाच उरत नाही.

१९७८ मध्ये होबार्टने तिचा सत्कार ठेवला. आपल्या गावच्या लेकीचा. सदुसष्ट वर्षांची मर्ल गेली, आणि त्या समारंभात तिची तब्येत बिघडली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ती मालिबूला वारली. मुंबईने कधी सत्कार ठेवला नाही, आणि ठेवला असता तर ती आली नसती. त्यामुळे आता पोस्ट फिरवून तो उरकायची घाई आपल्याला झाली आहे.

मंडळात मी एवढं सगळं बोलले नाही. चहा गार झाला होता आणि घरमालकिणीला स्वयंपाकाला लागायचं होतं. पुढच्या बैठकीला 'दीज थ्री' लावायचा एवढं ठरवून घेतलं. दीड तासाचा सिनेमा आहे. गद्दारवाल्या मैत्रिणीने प्रोजेक्टर आणायचं कबूल केलंय; भांडण त्यानंतर.